लिनक्सवर यायचंय? आधी कोणती कामं हलवायची ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप सहा-सात वर्षांचा आहे, रॅम आठ जीबी आहे, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर चढत नाही. लिनक्स वापरून बघायचंय. पण कुणी उबुंटू सांगतं, कुणी मिंट, कुणी म्हणतं शिकायचंच असेल तर थेट आर्च घ्या. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आधी शिकावं का, वर्डच्या फाइली उघडतील का, विंडोज ठेवावं की पुसावं, असेही प्रश्न सोबत आहेत. आणि या सगळ्यात मध्येच तुम्ही एक वाक्य लिहिलंय: 'रोजचं काम मात्र थांबायला नको.'

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. बाकीच्यांची उत्तरं त्यावरून ठरतात. लोकांची मशीन लिनक्सवर नेऊन देणं आणि नंतर ती सांभाळणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. परत विंडोजकडे गेलेल्यांपैकी 'डिस्ट्रो (उबुंटू, मिंट, आर्च यांसारखा लिनक्सचा प्रकार) चुकलं' म्हणून गेलेले फार थोडे पाहिले. बहुतेक जण परत जातात ते ऐन घाईच्या दिवशी एखादं ठराविक काम अडल्यामुळे. प्रिंटर चालला नाही, समोरच्याने पाठवलेल्या एक्सेल फाइलमधलं बटण दाबलं तरी काही होईना, असलं काहीतरी. हे सगळं आधी कळू शकतं. म्हणून डिस्ट्रोचा विषय जरा बाजूला ठेवू.

एक कागद घ्या आणि आठवडाभर संगणकावर जे जे कराल ते त्यावर लिहीत जा. आठवणीतून यादी केली तर ती अपुरी राहते, कारण महिन्यातून एकदा करायची कामं आठवतच नाहीत आणि नेमकी तीच नंतर नडतात. सोबत जोडलेली यंत्रंही लिहा: प्रिंटर, स्कॅनर, ब्लूटूथ हेडफोन, दुसरा मॉनिटर, डिजिटल सहीचं टोकन असेल तर तेही.

यादीतली निम्म्याहून जास्त कामं ब्राउझरमध्ये होतात असं दिसेल. मेल, व्हिडिओ, बँक, ऑनलाइन अर्ज, व्हॉट्सॲप वेब. फायरफॉक्स असो की क्रोम, लिनक्सवर तोच ब्राउझर आहे आणि तसाच चालतो. या कामांची काळजी सोडा. दुसऱ्या गटात पर्याय असलेली कामं येतात: पत्रं, तक्ते, फोटो नीट करणं, गाणी-चित्रपट, पीडीएफ. तिसरा गट छोटा असतो, पण निर्णय त्याच्यावर ठरतो. ऑटोकॅड, फोटोशॉप, विंडोजपुरतंच बनवलेलं हिशेबाचं पॅकेज, परीक्षेसाठी मशीन कुलूपबंद करणारा प्रोग्राम, एखाद्या यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर, फसवेगिरी पकडण्यासाठी खोलवर बसणारी यंत्रणा लावलेले ऑनलाइन गेम. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले विंडोजचे पुष्कळ गेम २०१८ पासून त्याच्याच प्रोटॉन या थरामुळे लिनक्सवर चालू लागले, पण व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट चालत नाहीत.

तिसऱ्या गटातलं काम रोजचं असेल तर मी स्पष्ट सांगतो: हे मशीन पूर्णपणे लिनक्सवर नेऊ नका. वाइन नावाचा थर विंडोजचे बरेच प्रोग्राम चालवतो, पण तो प्रयोग म्हणून ठीक. ज्यावर पोट अवलंबून आहे असं काम त्याच्या भरवशावर टाकू नये, कारण एका अपडेटने चालू असलेलं बंद पडू शकतं. आभासी मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या खोट्या संगणकात, विंडोज बसवणं हा जास्त भरवशाचा मार्ग, मात्र आठ जीबी रॅममध्ये दोन सिस्टम एकाच वेळी चालवताना दोन्ही रखडतात. काम महिन्यातून एकदाच येत असेल, तर विंडोज शेजारी ठेवून तेवढ्यापुरतं त्यात जाणं सगळ्यात सोपं.

आता वर्डच्या फाइलींबद्दल. लिब्रेऑफिस त्या उघडतं, बदलतं आणि त्याच प्रकारात परत साठवतं. साध्या पत्राला, अहवालाला काही अडचण येत नाही. अडचण येते ती चौकटीत चौकटी बसवलेल्या अर्जांना, चित्रांभोवती मजकूर वळवलेल्या माहितीपत्रकांना आणि एक्सेलमधल्या मॅक्रोंना, म्हणजे फाइलीत लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामांना. व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेले मोठे मॅक्रो चालतील असं धरूच नका. ओळी खाली-वर सरकतात त्याचं कारण अनेकदा फॉन्ट असतो: कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया मायक्रोसॉफ्टचे आहेत, ते लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्याइतक्याच रुंदीची अक्षरं असलेले कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट आहेत. ते बसवले की पानं बरीचशी जागेवर येतात. फाइल दिवसभर इकडून तिकडे जात असेल आणि समोरचा वर्डच वापरत असेल, तर मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमधलं ऑफिस वापरा. ते लिनक्सवरही उघडतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

यानंतर जे करायला सांगतो ते बरेच जण टाळतात, कारण त्यात नवीन सिस्टम बघायची मजा नाही. विंडोजवर असतानाच प्रोग्राम बदला. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिम्प, इंकस्केप हे सगळे विंडोजवरही मिळतात. दोन-तीन आठवडे रोजचं काम त्यांच्यावर करा. याचा फायदा असा की एखादी गोष्ट जमली नाही तर ती प्रोग्रामची अडचण आहे हे तुम्हाला लगेच कळतं. सिस्टम, प्रोग्राम आणि सवय हे तिन्ही एकाच दिवशी बदललं की कुठे काय अडलं हे कळत नाही आणि सगळा राग 'लिनक्स'वर निघतो. शिवाय या काळात काही जमलं नाही तर वर्ड अजून तिथेच आहे, काम थांबत नाही.

आता डिस्ट्रो. तुमच्या मशीनला मी मिंट सांगेन, सिनेमन डेस्कटॉपसह. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, त्यामुळे विंडोजवरून आलेल्या माणसाला पहिल्या तासात काही शोधत बसावं लागत नाही. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर, बांधलेली असते. उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात, म्हणजे दर सहा महिन्यांनी सिस्टम बदलायची कटकट नाही. उबुंटूसाठी लिहिलेला बहुतेक सल्ला मिंटलाही लागू पडतो, ही आणखी एक सोय. रॅम चार जीबी असती तर सिनेमनऐवजी एक्सएफसीई डेस्कटॉप सांगितला असता. लॅपटॉप अगदी नवा कोरा असता तर फेडोरा सुचवलं असतं, कारण त्याचा कर्नल, म्हणजे यंत्रांशी बोलणारा सिस्टमचा गाभा, जास्त ताजा असतो आणि नवी यंत्रं ओळखतो. मात्र फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीचं आयुष्य साधारण तेरा महिने असतं हे लक्षात ठेवायचं.

या सगळ्यावर मात करणारा एक अपवाद आहे. तुमच्या ओळखीत अडचणीला धावून येणारा कुणी लिनक्सवाला असेल, तर तो जे वापरतो तेच घ्या. तो शेजारी बसून दहा मिनिटांत जे सोडवेल ते शोधायला तुमची संध्याकाळ जाईल. आर्च चांगलंच आहे, पण ते आधी सिस्टम जोडायला लावतं आणि मग काम करू देतं. तुमची अट उलट आहे.

मिंटची आयएसओ फाइल (जिच्यात अख्खी सिस्टम असते ती) तीन जीबीच्या आसपास असते, ती मिंटच्याच संकेतस्थळावरून घ्या. तिथे शा-२५६ ची एक लांबलचक बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेली तिची ओळख) दिलेली असते. उतरवलेल्या फाइलची बेरीज तिच्याशी जुळते का ते बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच अडकतं आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. मग रूफस किंवा बलेनाएचरने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल. लॅपटॉप चालू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबली की बूट मेनू येतो. तिथून पेनड्राइव्ह निवडा. मिंट डिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं.

इथे थांबा. डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल'चं चिन्ह खुणावेल, ते आज दाबू नका. या अवस्थेत यंत्रं तपासायची. वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, माइक आणि कॅमेरा चालतात का, प्रकाश कमी-जास्त होतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, ब्लूटूथ, दुसरा मॉनिटर, प्रिंटर. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, मशीन नीट जागं होतं का पाहा. झोपून न उठणारा लॅपटॉप रोज त्रास देतो, आणि ही अडचण सोडवायला सगळ्यात चिवट. वेगावरून मात्र मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून सगळं संथच चालतं. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असून पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड आहे, तो निवडा. वायफाय ओळखलं गेलं नाही तर फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरता येतं. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांना ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो, तेव्हा ही युक्ती उपयोगी पडते. प्रिंटरबद्दल लोक फार घाबरतात, पण गेल्या दशकभरातले नेटवर्कवर चालणारे बहुतेक प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय सापडतात. एकट्या यूएसबीवर चालणारे स्वस्त लेझर प्रिंटर मात्र मॉडेलचं नाव टाकून आधी शोधून घ्यावेत.

तपासणी मनासारखी झाली की इन्स्टॉल. पण त्याआधी विंडोजमध्ये परत जाऊन चार गोष्टी करायच्या, आणि त्या का करायच्या ते समजून घ्या.

पहिली, बॅकअप. या लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी, बिटलॉकर. अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळत नाही. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आधी ती कागदावर उतरवून घ्या, मग पुढे जा.

तिसरी, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज 'शट डाउन' करूनही पूर्ण बंद झालेलं नसतं, अर्धवट झोपलेलं असतं. मग लिनक्समधून विंडोजची पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा भाग, नुसती वाचता येते किंवा उघडतच नाही, आणि लोक म्हणतात 'लिनक्सने माझी डिस्क लॉक केली'.

चौथी गोष्ट सगळ्यांना लागू नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बहुधा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क इंटेलच्या रेड किंवा आरएसटी पद्धतीवर लावलेली असते, ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावी लागते. पण थेट बदलली तर विंडोज चालू होणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून, तेव्हा बदल करून, मग नेहमीसारखं सुरू करायचं असतं. इथे खात्री नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

जागेचं म्हणाल तर विंडोजची पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा आणि मोकळी झालेली जागा तशीच रिकामी सोडा. लिनक्सला साठ-सत्तर जीबी मिळाले तर सुरुवातीला पुरे. मग इन्स्टॉलरमधला 'विंडोजशेजारी बसवा' हा पर्याय घ्या. रूट वेगळं, होम वेगळं, स्वॅप वेगळं असल्या जुन्या लेखांतल्या पार्टिशनच्या आकृत्या विसरा, आता एका पार्टिशनमध्ये सगळं व्यवस्थित बसतं आणि रॅम कमी पडल्यावर लागणारी स्वॅप फाइल आपोआप तयार होते. लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवायला जागा असेल तर मी तेच आधी सुचवेन: विंडोज एका डिस्कवर, लिनक्स दुसऱ्या. एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का नाही. आणि सध्याची डिस्क अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर कुठलंही डिस्ट्रो घ्या, खरा फरक एसएसडीनेच पडेल. जुना लॅपटॉप लिनक्सने 'उडायला' लागतो असं ऐकलं असेल. सिस्टम हलकी असते हे खरं, पण ब्राउझरच्या वीस टॅब इथेही तेवढीच रॅम खातात.

म्हणजे आतापर्यंतचा क्रम असा झाला: यादी, विंडोजवरच नवे प्रोग्राम, पेनड्राइव्हवरून तपासणी, बॅकअप आणि बिटलॉकरची की, आणि मग इन्स्टॉल.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या दिवशी करायचं थोडंच असतं. अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काही सुचवलं असेल तर 'शिफारस' लिहिलेलं निवडा. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सही केलेलं सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय, चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येऊन तोच विचारतो. तो बिघाड नाही, चावी नोंदवायची पायरी आहे. घाबरून पुढे गेलात तर ड्रायव्हर चढत नाही. मग टाइमशिफ्ट चालू करा. हा सिस्टमची प्रतिमा ठेवतो, अपडेटने काही मोडलं तर कालच्या स्थितीत परत नेतो. मात्र मूळ सेटिंगमध्ये तो तुमच्या होम फोल्डरमधल्या (तुमच्या स्वतःच्या) फाइली घेत नाही, त्यामुळे फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो. हे न कळल्यामुळे पस्तावलेले लोक बरेच आहेत.

मराठी टाइप करायचं असेल तर इन्स्क्रिप्टवाल्यांनी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडला की झालं. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना आयबस या टायपिंगच्या अवजारात मराठीचे पर्याय मिळतात. लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमधलं जटिल लिप्यांचा (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) पर्याय चालू करून मराठी निवडा. देवनागरीचा मूळ फॉन्ट तिथे इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो, म्हणून 'शैलीत फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं तशीच' असं नवख्यांना वाटतं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

यानंतर महिनाभर काही सजवू नका. थीम, आयकॉन, दुसरा डेस्कटॉप, सगळं नंतर. सजावट वाईट म्हणून मी हे सांगत नाही. काही बिघडलं तर ते मुळातलं आहे की आपण लावलेल्या एखाद्या गोष्टीने झालंय, हे या काळात कळायला हवं. एक वही ठेवा आणि सिस्टममध्ये जे बदलाल ते तारखेसह लिहा. हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण कुणी मदत मागायला आलं की 'आधी काय बदललं होतं?' हाच माझा पहिला प्रश्न असतो आणि वही नसेल तर उत्तर नेहमी 'काहीच नाही' असं येतं.

सवयीतला सगळ्यात मोठा बदल म्हणजे सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं हा. विंडोजवर आपण शोधतो, संकेतस्थळ उघडतो, फाइल उतरवतो, तिच्यावर दोनदा टिचकी मारतो. इथे ते सोडा. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, तिथे शोधा, तिथूनच बसवा. त्यात डिस्ट्रोची स्वतःची पॅकेज असतात आणि फ्लॅटहब या सामाईक भांडारातली फ्लॅटपॅकही, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारी पॅकेज. एकाच प्रोग्रामचे दोन पर्याय दिसले तर गोंधळू नका: डिस्ट्रोचं पॅकेज लहान आणि सिस्टमशी जुळलेलं, पण थोडं जुनं असू शकतं. फ्लॅटपॅक ताजं, पण जागा जास्त घेतं आणि कुठल्या फोल्डरपर्यंत पोचायचं यावर त्याला बंधनं असतात. तिथून घेतलेलं सगळं सिस्टमसोबतच अपडेट होतं, हा खरा लाभ. जुन्या लेखांत एखादं बाहेरचं भांडार जोडायला सांगितलेलं असतं. ते गरज असल्याशिवाय जोडू नका, दोन वर्षांनी सिस्टमची आवृत्ती बदलताना तेच अडकतं.

बाकी फरक चालता-चालता कळतात. सी आणि डी ड्राइव्ह नाहीत, सगळं एका मुळापासून निघतं आणि तुमचं सगळं होम फोल्डरमध्ये. फाइलीच्या नावात इंग्रजी लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. नाव टिंबाने सुरू झालं की फाइल लपते. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही दिसलं नाही तरी कीबोर्ड बिघडलेला नाही. विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ काही तासांनी चुकलेलं दिसेल, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, ती दिली की हा प्रकार थांबतो.

टर्मिनल आधी शिकावं का? नाही. मिंटवर रोजचं काम टर्मिनल न उघडता होतं. पण ते फार काळ टळत नाही, कारण मदत करणारे लोक आज्ञाच देतात. त्यालाही कारण आहे: 'डावीकडच्या तिसऱ्या बटणावर जा' हे प्रत्येक डेस्कटॉपवर वेगळं असतं, आज्ञा मात्र सगळीकडे तीच चालते. तेव्हा आज्ञा पाठ करण्यापेक्षा त्या वाचायला शिका. सुरुवातीला सुडो असेल तर ही गोष्ट सिस्टमला हात लावणार आहे. पुढचा शब्द म्हणजे प्रोग्राम, आडव्या रेघेने सुरू होणारे म्हणजे त्याला दिलेल्या सूचना, शेवटी बहुधा फाइल किंवा पॅकेजचं नाव. प्रत्येक शब्द काय करतो हे सांगता आलं नाही तोवर एंटर दाबू नका. मॅन हा शब्द लिहून पुढे आज्ञेचं नाव दिलं की तिची माहिती तिथेच उघडते. पुसणारी आरएम आणि डिस्कवर थेट लिहिणारी डीडी या दोन आज्ञांपुढे तर श्वास घेऊन थांबा, कारण यातलं काही कचरापेटीत जात नाही. इंटरनेटवरून उतरवून थेट चालवायला सांगणाऱ्या ओळीही टाळा. आणि 'जागा मोकळी करा' म्हणून पायथन काढून टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, सिस्टमची निम्मी अवजारं त्यावर उभी आहेत.

अपडेटनंतर एखाद्या दिवशी मशीन सुरूच झालं नाही, तर लगेच पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. सुरू होतानाच्या मेनूत प्रगत पर्यायांमध्ये आधीचा कर्नल असतो, त्यावरून सुरू करून बघा. बऱ्याचदा एवढ्याने काम परत सुरू होतं, आणि खरं कारण सवडीने शोधता येतं. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्सचा मेनूच नाहीसा झाला, तर बहुधा बायोसमधला बूटचा क्रम बदललेला असतो. लिनक्स डिस्कवर असतंच.

मदत मागताना 'वायफाय चालत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही, किंवा येतं ते दुसऱ्याच अडचणीचं. डिस्ट्रो आणि आवृत्ती, यंत्राचं मॉडेल, त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, आणि शेवटी काय बदललं होतं, एवढं द्या. मिंटमध्ये सिस्टम इन्फर्मेशन (जुन्या आवृत्त्यांत सिस्टम रिपोर्ट्स) नावाचं अवजार मशीनची सगळी माहिती एका जागी देतं, तीच चिकटवा. संदेश भाषांतर करून किंवा आठवून लिहू नका, त्यातला एखादा आकडाच नेमका धागा असतो.

राहिला प्रश्न विंडोज पुसण्याचा. त्याला तारीख नाही, पण एक कसोटी आहे. विंडोजमध्ये जावं लागेल तेव्हा वहीत कशासाठी गेलो ते लिहा. सलग तीन-चार महिने ती नोंद रिकामी राहिली आणि यादीतलं महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा येणारं कामही लिनक्सवर होऊन गेलं, तर विंडोजची जागा घ्यायला हरकत नाही. तोवर ते ठेवा, पण सुरक्षा अपडेट थांबलेलं विंडोज १० बँकेच्या किंवा मेलच्या कामासाठी इंटरनेटला जोडू नका. पुसण्याआधी बायोसचं ताजं अपडेट विंडोजमधून घेऊन टाका. काही कंपन्या ते लिनक्सवरच्या फर्मवेअर अपडेटरमधून देतात, काही देत नाहीत. आणि पुसायचंच ठरलं तर नुसती पार्टिशन उडवण्यापेक्षा बॅकअप घेऊन पूर्ण डिस्कवर नव्याने इन्स्टॉल करा, तेव्हा डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्यायही निवडता येतो. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर तो निवडाच. त्याचा पासवर्ड मात्र वहीत नको, वेगळ्या जागी लिहून ठेवा, कारण तो विसरलात तर उघडून द्यायला कुणीच नाही.